रत्नांची नावे आणि फुलांचे रंग

आश्विन महिन्यात नवरात्र सरत आले, की गावोगावच्या बाजारांत झेंडूच्या राशी पडतात. महाराष्ट्रात तर हे दृश्य दिसतेच. पण इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, दिल्ली अशा जेथे जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या वसली आहेत, तेथेही दसऱ्याच्या सकाळी दारावर झेंडूचे तोरण चढते. सायंकाळी सीमोल्लंघन करून परतणारी माणसे आपट्याची पाने एकमेकांच्या हाती देतात आणि त्यांना 'सोने' म्हणतात. ते झाडाचे पान आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. तरीही धाकटा ते पान वडिलांच्या हातावर ठेवून वाकतो, तेव्हा त्या व्यवहारात काही खोटे आहे असे कोणालाच वाटत नाही.

वस्तू एक आणि तिचा अर्थ दुसरा, असा हा प्रकार मानवी संस्कृतीत सर्वत्र आढळतो. त्यातही फुले आणि रत्ने यांच्यावर माणसाने जितके अर्थ लादले, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर लादले असतील. प्रेम, शोक, सौभाग्य, वैराग्य, सत्ता, शाप, हे सारे कधी पाकळीत तर कधी पैलूत पाहिले गेले. हे अर्थ त्या वस्तूंच्या अंगचे असतात, की माणसांनी दिलेले असतात? आणि माणसांनीच दिलेले असतील, तर ते कोणी दिले व कोणासाठी दिले? इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले असता बराच उलगडा होतो.

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे. माणकाचे जुने संस्कृत नाव 'पद्मराग'. पद्म म्हणजे कमळ आणि राग म्हणजे रंग. कमळाचा रंग ज्याने धारण केला तो पद्मराग. सिंहलद्वीपात नारिंगी-गुलाबी छटेच्या एका दुर्मिळ नीलजातीय रत्नाला आजही याच शब्दावरून आलेल्या नावाने ओळखतात. मराठीतला 'पुष्कराज' आणि हिंदीतला 'पुखराज' हे दोन्ही शब्द संस्कृत 'पुष्पराग' या शब्दाची रूपांतरे होत. म्हणजे येथेही नाव दिले ते फुलाने. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त रत्नपरीक्षेचे अध्याय लिहिले, तेव्हा उत्तम पाचूची कांती सांगताना त्याने पोपट, वेळूचे पान, केळ आणि शिरीषाचे फूल यांची साक्ष काढली. पुढच्या ग्रंथकारांनी माणकासाठी जास्वंद, बंधूक आणि गुंज, तर नीलमण्यासाठी निळे कमळ आणि गोकर्ण यांच्या उपमा दिल्या.

या उपमांकडे केवळ काव्य म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. रंग मोजण्याचे यंत्र नव्हते, त्या काळी सर्वांना ठाऊक असलेला रंगाचा एकच नमुना उपलब्ध होता, आणि तो म्हणजे बागेतले फूल. माणिक पाहिलेले लोक थोडे; पण जास्वंद पाहिली नाही असा मनुष्य दुर्मिळच. दुर्मिळ वस्तूची ओळख सुलभ वस्तूने करून द्यावयाची, ही या शास्त्राची रीत होती. रत्नाला अर्थ प्राप्त झाला तो फुलाकडून उसना घेऊन, असे म्हणावयास हरकत नाही.

या शास्त्राला जोडून एक पुराणकथाही आहे. गरुडपुराणात व बुद्धभट्टाच्या 'रत्नपरीक्षे'त ती येते. बल नावाच्या बलाढ्य असुराने देवांच्या यज्ञात पशू होण्याचे वचन दिले आणि ते पाळले. त्याच्या हाडांचे हिरे झाले, दातांचे मोती, रक्ताचे पद्मराग, पित्ताचे पाचू, डोळ्यांचे इंद्रनील आणि त्वचेचे पुष्पराग. त्याचे रक्त सूर्य घेऊन जात असता रावणाच्या भयाने ते लंकेतील एका नदीत पडले आणि तिच्या वाळूत माणके झाली, असे ही कथा सांगते. ही कथा दिसते तितकी निराधार नाही. श्रीलंकेतील माणके व नीलमणी खरोखरच नद्यांनी वाहून आणलेल्या खडी-वाळूच्या थरांत सापडतात, आणि तेथील एका नगराचे नावच रत्नपूर आहे. व्यापाऱ्यांना ठाऊक असलेला भूगोल पुराणकाराने असुराच्या देहात गुंफला. मात्र त्याहून मोठी गोष्ट त्या कथेच्या मुळाशी आहे. रत्न हे कोणाच्या तरी देहाचा अवशेष आहे. कोणी तरी प्राण दिला, तेव्हा ते निपजले. ही जाणीव पुढे राजदरबारांत लोप पावली.

लोप पावण्याचे कारणही वराहमिहिराच्याच ग्रंथात सापडते. शुभ रत्नाने राजांचे शुभ होते आणि अशुभ रत्नाने अशुभ, असे तो प्रारंभीच सांगतो. येथे 'राजांचे' हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. रत्नाचा विचार सुरू झाला तोच राजाच्या संदर्भात. कोणत्या वर्णाच्या मनुष्याला कोणत्या रंगाचा हिरा योग्य, याचीही वाटणी त्या ग्रंथात आहे. पांढरा हिरा ब्राह्मणांना, तांबडा व पिवळा क्षत्रियांना, शिरीषाच्या फुलाच्या छटेचा वैश्यांना आणि काळसर शूद्रांना. निसर्गात आढळणाऱ्या रंगांवर समाजाची उतरंड बसविली गेली, आणि मग ती उतरंड जणू निसर्गातूनच आली असे भासू लागले. अर्थ लादला जातो तो असा.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर अजिंठ्यास गेले पाहिजे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटकांच्या काळी कोरलेल्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीचे चित्र आहे. त्याच्या मस्तकावर रत्नखचित मुकुट आहे, गळ्यात मोत्यांची माळ आहे. पण त्याची दृष्टी खाली झुकलेली आहे आणि उजव्या हातात एक निळे कमळ आहे. ऐश्वर्य अंगावर आहे, करुणा हातात आहे. ज्या बोधिसत्त्वाचे हे रूप, त्याच्याच उपासनेचा सहा अक्षरांचा मंत्र पुढे तिबेटपर्यंत पसरला, आणि त्यात मणी व पद्म हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. चिखलातून वर येऊन निर्लेप राहणारे कमळ हा अर्थ बौद्ध, जैन आणि वैदिक या तिन्ही परंपरांनी मानला. त्यासाठी कोणाला दुसऱ्याच्या खजिन्यातून काही हिरावून घ्यावे लागले नाही.

रत्नांच्या बाबतीत मात्र हिरावून घेण्याचाच इतिहास मोठा आहे. इसवी सन 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवराव यादवाकडून सोन्या-रुप्याबरोबर मोती, हिरे व माणके यांची अमाप खंडणी घेऊन गेला. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, 1315 मध्ये, दिल्लीतील ठक्कर फेरू नावाच्या जैन अधिकाऱ्याने आपल्या मुलासाठी प्राकृतात रत्नपरीक्षेचा एक ग्रंथ लिहिला. सुलतानाच्या कोशातील सागरासारखा रत्नसंचय आपण डोळ्यांनी पाहिला, असे तो सांगतो. त्या सागराला येऊन मिळालेल्या प्रवाहांत देवगिरीचाही एक प्रवाह होता. फेरूला वजन, भाव आणि दोष यांची उत्तम पारख होती; पण रत्न आले कोठून, या प्रश्नाला सरकारी कोठारात सहसा स्थान नसते. कोठारात शिरलेली वस्तू आपले पूर्वचरित्र उंबरठ्याबाहेर ठेवून येते.

ज्यांनी ती जमिनीतून काढली त्यांचीही हीच गत. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरविले ते मुख्यतः भारताने, आणि त्यांतील नामांकित खाणी कृष्णेच्या खोऱ्यात होत्या. महाबळेश्वरी उगम पावणारी हीच कृष्णा पुढे आंध्र प्रदेशात कोल्लूरच्या खाणीजवळून वाहते. सतराव्या शतकात फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निए याने त्या खाणी पाहिल्या. कोल्लूर येथे सुमारे साठ हजार माणसे काम करीत होती आणि त्यांत स्त्रिया व मुलेही होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुरुष खणीत, स्त्रिया आणि मुले माती वाहून नेत. मजुरी अगदी अल्प होती आणि पहारा कडक होता. एखादा मजूर खडा गिळी, एखादा तो डोळ्याच्या कोपऱ्यात लपवी. बलासुराची कथा येथे निराळ्या रीतीने खरी ठरते. जगातील राजमुकुटांत चमकणाऱ्या त्या हिऱ्यांमागे हजारो देह झिजले. परंतु त्या हिऱ्यांना जी नावे मिळाली, त्यांत खाणीतल्या मजुराचे नाव एकही नाही.

नावे कोरली गेली ती मालकांची. मोगल बादशहांना बदख्शानच्या तांबड्या 'लाल'चे फार वेड होते, आणि ते त्यावर आपली नावे कोरवून घेत. अशा एका 352 कॅरटच्या रत्नावर जहांगीर, शाहजहान, फर्रुखसियर, नादिरशहा आणि अहमदशहा अब्दाली यांची नावे एकाखाली एक दिसतात. प्रत्येकाने ते आपल्या सत्तेचे चिन्ह मानले आणि प्रत्येकाच्या हातून ते निसटले. 1849 मध्ये लाहोरच्या खजिन्यातून ते इंग्रजांकडे गेले आणि 1851 मध्ये व्हिक्टोरिया राणीला भेट देण्यात आले. युरोपात त्यास 'तैमूरचे माणिक' असे नाव पडले. पण ते तैमूरचे होते याला आधार नाही आणि ते माणिकही नव्हे. ते त्याच रंगाचे, पण निराळ्या जातीचे रत्न आहे. एवढ्या राजांचा गर्व ज्या नावाभोवती फिरला, ते नावच शेवटी चुकीचे निघाले.

कोहिनूरची कथा याहून परिचित आहे. त्याच 1849 साली लाहोरच्या तहात एक कलम घालून दहा वर्षांच्या दुलीपसिंग महाराजांकडून तो घेण्यात आला. पुढच्या वर्षी तो राणीकडे पोहोचला, आणि 1852 मध्ये त्यास नव्याने पैलू पाडले तेव्हा त्याचे वजन 186 कॅरटवरून सुमारे 105 कॅरटवर आले. रणजितसिंग तो दंडावर बांधीत, तेव्हा तो विजयाचे चिन्ह होता. दुलीपसिंगाच्या लेखी तो पराभवाचे चिन्ह झाला. इंग्लंडात तो पुरुषांना लाभत नाही अशी समजूत पसरली, आणि तेव्हापासून तो राण्यांच्याच मुकुटांत बसला. 2023 मध्ये तेथे झालेल्या राज्यारोहणप्रसंगी नव्या राणीच्या मुकुटात तो मुळीच नव्हता. आणि त्याच्या असण्यापेक्षा नसण्याचाच अर्थ जगाने अधिक लावला. दगड तोच, कार्बनचे अणू तेच. बदलली ती माणसे.

फूल कोमेजते आणि रत्न टिकते, तेव्हा फुलाचाच दगड केला तर, असा विचारही मोगलांनीच केला. 1620 मध्ये जहांगीर काश्मीरला गेला, तेव्हा तेथील फुलांनी तो वेडावला. उस्ताद मन्सूर या चित्रकाराने शंभरांहून अधिक फुले रेखाटली, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. तेव्हापासून फूल ही मोगल कलेची मुद्राच बनली. 1631 च्या जून महिन्यात मुमताजमहल दक्षिणेच्या मोहिमेवर असलेल्या पतीसमवेत बऱ्हाणपुरास होती. तेथे चौदाव्या अपत्याच्या जन्माच्या वेळी तिचे निधन झाले. तिच्यासाठी आग्रा येथे उभ्या राहिलेल्या ताजमहालात संगमरवरावर लाल अकीक, हिरवा यशब आणि बदख्शानचा निळा लाजवर्द यांचे तुकडे बसवून फुले घडविण्यात आली. एकेका लहानशा फुलात कित्येक तुकडे, आणि सांधा बोटालाही लागू नये इतके काम बारीक. मृत्यूच्या जागी कधीही न सुकणारी बाग, म्हणजेच स्वर्गातील उद्यान, हा त्याचा अर्थ.

पण गंमत अशी, की शाहजहानच्या उरुसाच्या दिवसांत तळघरातील खरी थडगी लोकांसाठी उघडतात, तेव्हा भाविक त्यांच्यावर ताज्या फुलांची चादर वाहतात. दगडाची अक्षय फुले वर भिंतीभर असताना, खालच्या थडग्याला मात्र एका दिवसात सुकणारे फूलच लागते. अर्पण करावयाचे ते जाणारे असावे, नाही तर अर्पण कसले, हे त्या साध्या भाविकांना उपजतच ठाऊक असते.

फुलांचे अर्थ जुने व अढळ असतात, असाही एक समज आहे. दारावरचे झेंडूचे तोरण त्यालाही छेद देते. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. अमेरिकेशी युरोपचा संबंध आल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, तो समुद्रमार्गाने भारतात आला. त्याच्या मूळ देशात तो मृतांच्या स्मरणाचे फूल आहे. नोव्हेंबरच्या प्रारंभी पितरांना घरची वाट सापडावी म्हणून तेथील लोक त्याच्या पाकळ्यांची पायवाट घालतात. तेच फूल महाराष्ट्रात विजयादशमीच्या मंगल तोरणात शोभते. देवळांच्या आवारातला खुरचाफाही अमेरिकेतला आणि वधूवरांच्या हारांतला निशिगंधही मेक्सिकोचाच. हे पाहुणे देवघरात बसले तेव्हा त्यांना कोणी कूळ विचारले नाही. पवित्रता मूळस्थानावर अवलंबून असती, तर आपली निम्मी फुलांची परडी रिकामीच राहिली असती.

फुलांमागेही हात असतात, आणि महाराष्ट्राने निदान एकदा तरी ते हात नावानिशी ओळखले. पेशव्यांना फुले पुरविणाऱ्या गोऱ्हे घराण्याला त्या व्यवसायावरून 'फुले' हे आडनाव मिळाले, आणि त्याच घराण्यात 1827 साली जोतीराव जन्मले. ज्या समाजाच्या हातचा हार देवाला चालत होता, त्या समाजाच्या मुलांना शाळेची दारे मात्र सहज खुली नव्हती. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून त्यांनी व सावित्रीबाईंनी हा विरोध जगापुढे आणला. राजांची नावे दगडावर कोरली गेली. येथे फुलांचे नाव एका माणसाने धारण केले आणि त्याला नवा अर्थ दिला.

अर्वाचीन काळात अर्थ देण्याचे काम राजांकडून व्यापाराकडे गेले. 1819 मध्ये पॅरिसमध्ये 'फुलांची भाषा' या विषयावरचे पुस्तक निघाले आणि कोणते फूल पाठविल्याने कोणता मनोभाव कळतो याच्या याद्या युरोपभर लोकप्रिय झाल्या. जन्ममासाचे रत्न ही कल्पना जुनी असली, तरी आज प्रचलित असलेली यादी 1912 मध्ये अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरविली. हिरा म्हणजे चिरंतन प्रेम हे समीकरणही 1947 मध्ये एका जाहिरातीतील वाक्याने जगभर रूढ केले.

आपल्याकडे नऊ ग्रहांची नऊ रत्ने सांगतात. सूर्याचे माणिक, चंद्राचे मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलमणी, राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या. वराहमिहिर स्वतः थोर ज्योतिषी होता. परंतु त्याच्या रत्नाध्यायांत बावीस रत्नांची यादी असूनही ग्रहांशी ही जोडी लावलेली नाही. ती पुढच्या ग्रंथांतली होय. म्हणजे तीही कालांतराने माणसांनीच बसविलेली. प्रेमाने दिलेला अर्थ माणसाला उभारी देतो, हे खरे. पण भयापोटी विकला जाणारा अर्थ त्याला नागवतो. साडेसातीच्या धास्तीने ज्या घरात मुलांच्या शिक्षणाचा पैसा नीलमण्यासाठी खर्च होतो, त्या घरात तो खडा पीडा टाळीत नाही. तो स्वतःच पीडा होऊन बसतो. आज प्रयोगशाळेत घडविलेला हिरा खाणीतल्या हिऱ्याहून साध्या डोळ्यांना निराळा ओळखू येत नाही. दगडातच शक्ती असती, तर ती यंत्रातून निघालेल्या हिऱ्यातही असावयास हवी होती.

म्हणून पुन्हा आपट्याच्या पानाकडे यावे. वरतंतू ऋषींना चौदा कोटी सुवर्णमुद्रांची गुरुदक्षिणा द्यावयाची म्हणून कौत्स रघुराजाकडे गेला. राजाने सर्वस्व दान केलेले होते. त्याने कुबेरावर स्वारीची तयारी करताच सुवर्णवृष्टी झाली. लोककथा म्हणते, ती आपट्याच्या झाडावर झाली. कौत्साने हवे तेवढेच घेतले, आणि उरलेले सोने राजाने लोकांना लुटू दिले. राजाने ठेवून घेतले नाही आणि ब्राह्मणाने जास्त उचलले नाही, असे हे सोने आहे. म्हणूनच त्याच्या आठवणीला पान पुरते. कोट्यधीश आणि मजूर या दिवशी एकमेकांना सारखेच सोने देऊ शकतात.

अलीकडे बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाच्याही फांद्या विकल्या जातात आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाडे ओरबाडली जातात. आपट्याचे एखादे रोप लावून पुढच्या वर्षी त्याचे एक पान दिले, तर कथेतला अर्थ अधिक राखला जाईल. खजिन्यांतील रत्नांचे धनी बदलत राहतात. पानाला सोने करणारा हात मात्र प्रत्येकापाशी असतो, आणि तो कोणत्याही तहातील कलमाने हिरावून घेता येत नाही.